फिल्मची सुरुवात शूट करताय? आधी नावांची जागा ठेवा

हे लिहितोय ते ठाण्यातल्या चार-पाच जणांच्या गटांसाठी. मास मीडियाच्या प्रोजेक्टसाठी किंवा कॉलेजच्या फिल्म क्लबसाठी ज्यांना अख्खी फिल्म नाही, फक्त तिची सुरुवात करून दाखवायची आहे, त्यांच्यासाठी. प्रोजेक्टची अट असते: दोन मिनिटं, श्रेयनामावलीसकट, म्हणजे कोणी काय केलं त्या नावांच्या पाट्यांसकट. हे ‘श्रेयनामावलीसकट’ नीट वाचा. आमच्या गटाने ते वाचलं आणि एडिटिंगच्या वेळी बघू म्हणून सोडून दिलं. शूट छान झालं, पण एडिटला बसलो तर एकाही शॉटमध्ये नाव ठेवायला जागा नाही. सगळ्या फ्रेम चेहऱ्यांनी भरलेल्या, सगळे शॉट तुकड्या-तुकड्यांचे. दिग्दर्शकाचं नाव शेवटी नायिकेच्या कपाळावर आलं. म्हणून या यादीत नावांचा विषय पुन्हा पुन्हा येणार आहे.

आधी कागद. गोष्ट काय, हे दोन ओळींत लिहा. सुरुवात म्हणजे ट्रेलर नव्हे. ट्रेलरमध्ये पूर्ण गोष्टीतले चमचमीत तुकडे असतात, सुरुवातीत फक्त दार उघडायचं असतं. एक माणूस, एक जागा, एक खटकणारी गोष्ट, एवढं दोन मिनिटांना पुरतं. फ्लॅशबॅक, खून, पाठलाग आणि प्रेमभंग हे सगळं त्यात घालणारा एक तरी जण गटात असतोच. त्याला आत्ताच थांबवा, शूटच्या दिवशी तो ऐकणार नाही.

आता त्याच कागदावर, गोष्टीच्या खाली, नावं लिहा. निर्मिती, कलाकार, फिल्मचं नाव, संगीत, ध्वनी, संकलन, छायाचित्रण, लेखन आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत दिग्दर्शकाचं नाव शेवटी येतं, हा रिवाज आहे, तो पाळा. आता हिशेब करा. एक नाव दोनदा शांतपणे वाचून व्हायला साधारण तीन सेकंद लागतात. नऊ पाट्या धरल्या तर सत्तावीस सेकंद. फिल्मच्या नावाला पाच-सहा सेकंद द्यावेच लागतात, म्हणजे तिशी गाठलीच. एकशेवीस सेकंदांतला चौथा हिस्सा नावांचा आहे! गोष्ट लिहिताना दोन मिनिटं धरता आणि हातात असतात दीड. किंवा मग नावं आणि गोष्ट एकाच वेळी चालतील असे शॉट योजावे लागतात. दुसरा मार्ग चांगला, पण तो शूटच्या आधी योजावा लागतो. शूटनंतर तो मार्ग नसतो.

कामं वाटून घ्या. चार जणांत दिग्दर्शन, कॅमेरा, आवाज, आणि चौथा माणूस बाकीच्या सगळ्यासाठी: कंटिन्युटी (एका शॉटमधले कपडे-वस्तू पुढच्या शॉटमध्ये तशाच आहेत ना, हे बघणं), सामान, परवानगीची पत्रं, वेळ. चौथं काम कोणालाच नको असतं आणि फिल्म त्याच्यावरच उभी राहते. त्याच्या हातात नावांची यादी द्या. प्रत्येक शॉट झाला की त्याने विचारायचं, ‘यात नाव कुठे बसतंय?’ उत्तर मिळेपर्यंत पुढचा शॉट लावायचा नाही. दिग्दर्शक वैतागेल. वैतागू द्या.

जागेबद्दल. ठाण्यातल्या प्रत्येक गटाला स्टेशनवरून सुरुवात करायची असते. मोह समजतो, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून निघालेली देशातली पहिली प्रवासी गाडी इथेच येऊन थांबली होती. पण रेल्वेच्या हद्दीत चित्रीकरणाला रेल्वेची लेखी परवानगी लागते, ती आठवड्याभरात मिळेल अशा भरवशावर राहू नका. येऊरचं जंगल सुंदर आहे, पण ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि तिथे वनविभागाला विचारावं लागतं. तलावपाळीवर, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठावर, कॅमेऱ्याची तिपाई उभी केलीत की कोणीतरी येऊन विचारणारच, शिवाय पहाटे फिरायला येणारे काका कॅमेऱ्याकडे बघत बघत फ्रेममधून जातात. कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र घ्या, त्यावर तारीख, वेळ आणि सगळ्यांची नावं असू द्या आणि त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढा. घोडबंदर रोडच्या आसपास शूट करणार असाल तर आधी एकदा जाऊन नुसतं ऐका. ट्रक आणि बांधकामं यांच्यातून संवाद वेगळा काढता येत नाही.

माझं मत विचाराल तर एखाद्या ओळखीच्या इमारतीचा जिना घ्या. नौपाड्यात अजून काही जुन्या इमारती उभ्या आहेत, रुंद जिने, लाकडी कठडे, खिडकीच्या जाळीतून येणारं ऊन. रिडेव्हलपमेंटमध्ये त्या एकेक करून जात आहेत. नंतर हे जिने कुठून आणणार? सोसायटीच्या सेक्रेटरींना भेटायला जा, फोनवर विचारू नका. समोर बसून सांगितलं की माणसं ‘हो’ म्हणतात. तळमजल्यावरच्या आजींनाही सांगून ठेवा, नाहीतर ऐन शॉटमध्ये ‘कोण रे तिकडे?’ ऐकू येईल. आणि जिन्याची खरी गंमत पुढे आहे: जिन्याला भिंत असते. रिकामी, एकरंगी भिंत. बाई उजवीकडून वर चढतेय, डावीकडे अर्धी फ्रेम मोकळी, तिथे नाव. पुढच्या मजल्यावर ती वळते, आता मोकळी जागा उजवीकडे, पुढचं नाव तिथे. नाव तिच्याबरोबर जिना चढतं. हे जमलं तर श्रेयनामावली वेगळी चिकटवल्यासारखी वाटत नाही, ती गोष्टीचाच भाग होते. मला या सगळ्या कामात हाच भाग सगळ्यात आवडतो.

जागा बघायला जाल तेव्हा फोनवर फोटो काढा आणि घरी येऊन त्या फोटोंवर खरोखर नावं टाकून बघा. पांढऱ्या भिंतीवर पांढरी अक्षरं दिसत नाहीत. पावसाळ्यातल्या आभाळावरही दिसत नाहीत. झाडाच्या पानांवर कुठलीच नीट दिसत नाहीत. हे जागेवर कळायला हवं, एडिटिंगमध्ये कळून उपयोग नाही.

मग स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं चौकटीतलं चित्र. चित्रं काडीमाणसांची चालतील. प्रत्येक चौकटीत जिथे नाव येणार तिथे पेन्सिलने डबा काढा, डब्यात नाव लिहा आणि खाली शॉट किती सेकंदांचा ते लिहा. ज्या शॉटमध्ये डबा आहे तो पाच सेकंदांपेक्षा कमी नको, कारण नाव उमटायला आणि विरायलाही वेळ लागतो. डबा कडेला चिकटवू नका, चारही बाजूंनी साधारण दहा टक्के जागा सोडा. प्रोजेक्टरवर कडा कापल्या जातात आणि आडनावाचं शेवटचं अक्षर जातं. ज्याचं जातं त्याला ते आयुष्यभर लक्षात राहतं.

देवनागरीचं वेगळं सांगतो, कारण बहुतेक ट्युटोरियल रोमन अक्षरांसाठी असतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, रफार, मात्रा आणि खाली उकार लागतात, म्हणून एका ओळीला उंची जास्त लागते. डबा तेवढा उंच ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन आपल्याकडे चालत नाही, शिरोरेषा तुटते आणि नाव दात पडल्यासारखं दिसतं. एकेक अक्षर उमटत जाणारं ॲनिमेशनही टाळा, जोडाक्षरं मध्येच फुटतात. आख्खा शब्द उमटू द्या. प्रीमियर प्रो या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रेफरन्सेसमधल्या ग्राफिक्समध्ये टेक्स्ट इंजिन ‘साउथ एशियन’वालं निवडावं लागतं, नाहीतर पहिली वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाऊन बसते. सॉफ्टवेअर ऐकतच नसेल तर नाव दुसरीकडे नीट बनवा, पारदर्शक पार्श्वभूमीची पीएनजी फाइल काढा आणि ती लावा. फॉन्टसाठी मुक्ता, बलू किंवा तिरो देवनागरी मराठी घ्या. तिन्ही मोफत आणि मुक्त परवान्याचे आहेत. तिरोमध्ये ल आणि श मराठी वळणाचे येतात, ते बघून बरं वाटतं. कुठल्याही साइटवरून उतरवलेला चोरीचा फॉन्ट नको.

आणि नावं प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने लिहून घ्या. ‘मला माहितेय’ म्हणून टाइप करू नका. प्रिती की प्रीती, शिंदे आधी की आईचं नाव आधी, हे त्या माणसाला विचारायचं असतं. त्या कागदाचा फोटो ग्रुपवर टाका. माणसाने रविवारची पहाट दिलीय तुम्हाला, त्याचं नाव तरी शुद्ध यावं.

कॅमेरा फोनचा असेल तर चालेल, पण ऑटोवर सोडू नका. सेकंदाला पंचवीस फ्रेम, शटर सेकंदाचा एक पन्नासांश. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची आहे, म्हणून भलत्याच शटरवर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी फ्लिकर मारतात, म्हणजे लुकलुकतात, आणि तो नंतर सहज निघत नाही. फोकस आणि एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण) लॉक करा. नाव असलेल्या शॉटमध्ये मागचा उजेड मध्येच बदलला तर अक्षरं अर्धी दिसतात, अर्धी नाही. फोन एअरप्लेन मोडवर. फोनमध्ये जागा रिकामी करून ठेवा. तिपाई हवीच, नावाच्या शॉटला तर हवीच हवी. मागची भिंत हलतेय आणि नाव स्थिर आहे, असं दिसलं की डोळे दुखतात.

आवाज. फोनचा माइक संवादाला पुरत नाही, कॉलर माइक कोणाकडून तरी मागून आणा. आवाज वेगळा रेकॉर्ड करत असाल तर कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवा, नंतर चित्र आणि आवाज तिच्यावर जुळवता येतात. पंखा बंद, फ्रिज बंद (फ्रिज परत चालू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेवा). शेवटी सगळ्यांनी गप्प उभं राहून जागेचा नुसता आवाज मिनिटभर घ्या. कट जोडताना तो लागतो.

गाणं: आवडतं फिल्मी गाणं लावू नका. जुनं आहे म्हणून मोफत असतं असं नाही. आपल्या कायद्यात रेकॉर्डिंगवरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं राहतो आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. कॉलेजात तबला, पेटी, गिटार वाजवणारं कोणीतरी असतं, त्याला विचारा. त्याचंही नाव येईल. म्हणजे आणखी एक पाटी, आणखी तीन सेकंद. यादीत आत्ताच टाका.

शूटचा दिवस. डिसेंबर-जानेवारीत ठाण्यात सूर्य सातच्या सुमाराला वर येतो, मे-जूनमध्ये सहाच्या. जिन्यातलं तिरकं ऊन त्यानंतर थोडाच वेळ मिळतं, म्हणून सगळ्यांनी एक तास आधी पोचायचं. डोंबिवली-कल्याणहून येणाऱ्यांना आदल्या रात्री ठाण्यात झोपायला सांगा, रविवारी पहाटेच्या लोकलच्या भरवशावर राहायला नको. पाणी, एक्स्टेंशन बोर्ड, पॉवर बँक, सेलोटेप, सुटे पैसे. खाणं साधं, पोहे किंवा इडली. मामलेदारची मिसळ शूट संपल्यावर. आधी खाल्लीत तर क्लोजअपमध्ये कलाकाराचं नाक गळतं.

प्रत्येक सेटअपला, म्हणजे कॅमेरा नव्या जागी लावला की दर वेळी, एक जास्तीचा टेक घ्या: कलाकार नाही, कॅमेरा तिथेच, रिकामी जागा, दहा सेकंद. हो, रिकामी. दिग्दर्शक म्हणेल, ऊन चाललंय, हे कशाला? तरी घ्या. सगळं फसलं तरी या दहा सेकंदांवर नावं ठेवता येतात. आणि चालण्याचा शॉट असेल तर कलाकार फ्रेममध्ये यायच्या आधी पाच सेकंद आणि बाहेर गेल्यावर पाच सेकंद कॅमेरा चालू ठेवा. ‘कट’ म्हणायची घाई करू नका. ‘कट’ची घाई म्हणजे नावाची जागा गेली.

निघताना जागा झाडून द्या, आजींना चहा-बिस्किटाचं विचारा, सेक्रेटरींना मेसेज.

घरी आल्यावर त्याच रात्री सगळं दोन ठिकाणी कॉपी करा. फोनवरचं मग पुसा.

एडिट: आधी नावांच्या पाट्या टाइमलाइनवर ठेवा, मग शॉट कापा. उलटं नको. संवाद चालू असताना नाव नको, माणूस एकावेळी एकच करतो, ऐकतो किंवा वाचतो. शुद्धलेखन गटाबाहेरच्या माणसाकडून तपासा, शक्यतो मराठीच्या बाईंकडून.

रंग थोडेच सुधारा. आवाजाची पातळी हेडफोनवर बघा.

एक्स्पोर्ट एमपी४, एच२६४. पेन ड्राइव्ह दोन. कॉलेजच्या प्रोजेक्टरवर आदल्या दिवशी एकदा पूर्ण लावा. एकाने शेवटच्या बाकावर बसून सगळी नावं मोठ्याने वाचायची. जे वाचता आलं नाही ते मोठं करा, परत एक्स्पोर्ट करा, परत लावा. फाइलच्या नावात ‘फायनल फायनल’ नको, तारीख घाला.