गिअरचा दांडा डगमगतोय? बुश बदलताना या चुका टाळा

मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत लोखंडी रॉड जातो आणि त्याच्या जोडांत छोटे बुश (रॉड आणि बोल्टच्या मध्ये बसणाऱ्या नळीसारख्या कड्या) असतात. ते झिजले की दांडा न्यूट्रलमध्ये सैल डुलतो, पहिला टाकायला जावं तर तिसरा पडतो, रिव्हर्स शोधावा लागतो. हे काम हार्डवेअरच्या दुकानातल्या सामानात भागतं, पण आधी दोष कुठे आहे ते पाहा.

इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, गाडी जॅक-स्टँडवर. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका. एकाने दांडा हळू हलवायचा, दुसऱ्याने खालून बघायचं: ज्या जोडाच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा थांबून हलतो, तो जोड गेलाय. गाडी चालवताना ॲक्सिलरेटर सोडला-दाबला की दांडा मागेपुढे झटके देत असेल तर आधी इंजिन माउंटिंग (इंजिन ज्यावर बसवलेलं असतं ते रबरी आधार) तपासा. चालता चालता गिअर निसटणं हे बहुधा गिअरबॉक्सच्या आतलं दुखणं. बुश बदलून पैसे जातील, गिअर निसटतच राहील.

सगळ्यात जास्त घोटाळा बोल्टवर होतो. समजा रॉडच्या डोळ्याचं (टोकाच्या गोल कडीचं) भोक १२ मिमी आहे. त्यात बाहेरून १२ आणि आतून १० मिमीचा नायलॉन बुश, बुशमध्ये बाहेरून १० मिमीची स्टीलची स्लीव्ह (नळी) आणि तिच्यातून ८ मिमीचा बोल्ट. स्लीव्ह बुशपेक्षा ०.२ ते ०.३ मिमी लांब हवी, म्हणजे नट आवळल्यावर दाब स्लीव्हवर येतो आणि बुश मोकळा फिरतो. स्लीव्ह गाळली तर दोनच गोष्टी होतात: नट घट्ट केला की दांडा जड, सैल ठेवला की पुन्हा खडखड. त्यातून पूर्ण लांबी आट्यांचा बोल्ट असेल तर आटे बुशला कानशीसारखे खातात. अर्ध्या आट्यांचाच मागा. नट नायलॉकचा (आत नायलॉनची कडी असलेला, सहज सैल न होणारा), दर वेळी नवा. आवळल्यावर एक-दोन आटे बाहेर दिसले पाहिजेत. व्हर्निअरने (बारीक माप घेण्याच्या साधनाने) मोजल्याशिवाय दुकानात जाऊ नका, ‘साधारण एवढा’ बुश कधीच बसत नाही.

पीव्हीसी पाइपचा तुकडा हा लाडका जुगाड. सायलेन्सरचा पाइप जवळून जात असेल तर हा तुकडा उन्हाळ्यातच मऊ पडतो. एम-सील भरलेलं भोक दणक्यांनी तडकतं. फाट्याची (रॉडचा डोळा ज्यात बसतो त्या दुभंगलेल्या टोकाची) भोकं लांबट झाली असतील तर मात्र कुठलाही बुश टिकणार नाही, तो भागच बदला.

रॉडचा क्लॅम्प उघडावा लागलाच तर आधी दोन्ही भागांवर पंचने खूण करा. जोड जरा फिरून बसला की एखादा गिअर पूर्ण पडत नाही, आणि लोक नव्या बुशला शिव्या घालतात.

बसवताना लिथियम ग्रीस थोडंच लावा. रबरी बूटला (जोडावरच्या आवरणाला) ते लागू देऊ नका, काही रबर त्याने फुगतं. बूट फाटलेला असेल तर तोही आत्ताच बदला, नाहीतर पावसाळ्यात चिखल थेट नव्या जोडात जातो.