ऑनलाइन तासाला पोरं बोलती कशी ठेवायची

वेळ ठरवताना आधी दुधाच्या वेळा बघा. कोल्हापूर जिल्ह्यात पन्हाळा, कागल, भुदरगडकडच्या बऱ्याच घरांत सकाळ-संध्याकाळ डेअरीला दूध घालायचं काम कॉलेजच्या पोरापोरींकडंच असतं. सकाळी सातला तास ठेवला तर फोन खिशात आणि किटली हातात, अशी हजेरी लागते. दहा ते चारच्या दरम्यान बसवा. गुगल मीटच्या मोफत खात्यावर तीन किंवा जास्त जण असले की ६० मिनिटांनी मीटिंग बंद पडते, झूमवर ४० मिनिटांनी. त्यामुळं शिकवणं ३५ मिनिटांत संपेल असाच आराखडा करा.

बहुतेक विद्यार्थी मोबाईलवर बघतात. स्लाइडवर अक्षर २८ पॉइंटपेक्षा लहान नको आणि सहा ओळींच्या वर मजकूर नको. तासाआधी ती स्लाइड स्वतःच्या फोनवर, फोन उभा धरून वाचून बघा. लॅपटॉपवर झकास दिसणारा ताळेबंद तिथं मुंग्यांची रांग होतो. असा तक्ता आदल्या दिवशी पीडीएफ करून ग्रुपवर टाका आणि तासाला त्यातले फक्त दोन-तीन आकडे दाखवा.

कॅमेरा सुरू ठेवायची सक्ती करू नका. दिवसाला दीड जीबीचा पॅक, एकाच खोलीत सगळं घर, कधी फोनही भावाचा. तुमचा स्वतःचा कॅमेराही पहिल्या पाच मिनिटांनंतर बंद केला तरी चालतो, आवाज मात्र स्वच्छ हवा. पावसाळ्यात पत्र्याखाली बसून लॅपटॉपच्या माईकवर बोललात तर पाऊसच जास्त ऐकू जातो. साधा वायरचा इअरफोन पुरतो.

आता खरं काम. दर सात-आठ मिनिटांनी विद्यार्थ्याच्या बोटांना काहीतरी करायला लागलं पाहिजे. ‘समजलं का?’ विचाराल तर ‘हो सर’ येईल, आणि त्यातून तुम्हाला काहीच कळणार नाही. त्याऐवजी चुकीचे पर्याय मुद्दाम घडवलेला प्रश्न द्या. समजा, विषय कॉस्टिंग आहे आणि शिकवायचा आहे ना नफा ना तोटा बिंदू. उदाहरण गुऱ्हाळाचं घ्या: हंगामाचा स्थिर खर्च २,५२,००० रुपये, गुळाच्या ३० किलोच्या रव्याची, म्हणजे ढेपेची, विक्री १,३५० रुपयांना, त्यावरचा बदलता खर्च १,११० रुपये. किती रवे विकल्यावर खर्च भरून निघेल? पर्याय: अ) १८७, ब) २२७, क) १,०५०. ‘अ’ लिहिणाऱ्यानं स्थिर खर्चाला सरळ विक्री किमतीनं भागलंय, ‘ब’वाल्यानं बदलत्या खर्चानं. रव्यामागं उरणारे २४० रुपये ज्याच्या लक्षात आले तोच ‘क’वर पोचतो. कोणाचं कुठं अडलंय हे एका अक्षरावरून समजतं.

उत्तर घ्यायची रीतही महत्त्वाची. सगळ्यांनी चॅटमध्ये अक्षर टाइप करून ठेवायचं, पण ‘पाठवा’ म्हटल्याशिवाय पाठवायचं नाही. नाहीतर वर्गातल्या हुशार मुलीचं उत्तर पहिलं येतं आणि खाली चाळीस जण तेच उतरवतात. मध्ये दीड मिनिट पूर्ण गप्प बसा. ही शांतता शिक्षकालाच सोसवत नाही आणि तो स्वतःच उत्तर सांगून टाकतो. गगनबावडा, राधानगरीकडं आवाज काही सेकंद उशिरा पोचतो, हेही धरून चाला. मग ‘ब’ लिहिणाऱ्यांपैकी एखाद्याला, चूक न म्हणता, कसं काढलं ते विचारा.

उशिरा आलेल्याला आधीची चॅट दिसेलच असं नाही. प्रश्न आणि लिंक पुन्हा टाका.

गट पाडायचे तर चौघांचे आणि सत्रभर तेच ठेवा. मोबाईलवर मीटिंग आणि गुगल डॉक एकदम सांभाळणं त्रासाचं असतं, म्हणून गटाचं काम वहीत करायला सांगा. आठ मिनिटांनी एकानं पानाचा फोटो काढून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचा. काय आणून द्यायचं हे ठरलेलं नसलं की गटात सगळे माईक बंद करून बसतात.

वीज जाणार हे गृहीत धरा. राउटरला छोटा यूपीएस लावा, आणि दुसऱ्या फोनवरून मोबाईल डेटावर आधीच मीटिंगमध्ये शिरून ठेवा. त्या फोनचा माईक आणि स्पीकर दोन्ही बंद ठेवा, नाहीतर आवाज घुमतो. रेंज गेलेल्यांसाठी तासाचा गाभा दहा मिनिटांच्या ऑडिओत सांगा. ६४ केबीपीएसला ती फाइल जेमतेम ५ एमबीची होते, व्हिडिओ रेकॉर्डिंग मात्र कोणी उतरवून घेत नाही.

हजेरी सामील झालेल्यांच्या यादीवरून लावण्यात अर्थ नाही, फोन चार्जिंगला लावूनही हजर राहता येतं. तासातल्या प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं आली तर हजर. त्यासाठी नावाआधी रोल नंबर लिहायला पहिल्याच दिवशी सांगा. सलग तीन तास ज्याचं उत्तर नाही, त्याचं नाव ग्रुपवर घेऊ नका. फोन करा, आणि तोही दुपारी, दुधाची वेळ टाळून.