संध्याकाळच्या भुकेची सोय सकाळीच करा

वेफर्स, बिस्किटं, नूडल्स, वडापाव हे सगळं घरात शिरतं ते बहुतेक संध्याकाळी साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान. मुलं शाळेतून आलेली असतात, मोठी माणसं कामावरून दमून परततात आणि जेवायला अजून दोन-तीन तास असतात. मग हाताशी येईल ते पोटात जातं. अशा वेळी ‘हे खाऊ नको’ म्हणून काही साधत नाही. भूक लागायच्या आधीच डबे भरलेले हवेत, आणि त्याहूनही आधी दुपारचं जेवण नीट झालेलं हवं.

आधी दुपारच्या ताटाकडे बघू. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात आणि वर पातळ आमटी एवढंच जेवण असेल तर चार वाजता पोटात खड्डा पडणारच. पोट टिकून राहतं ते प्रथिनं आणि चोथ्यामुळे, आणि या ताटात दोन्ही कमी आहेत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनात दोन हजार कॅलरीच्या दिवसभराच्या ताटात 85 ग्रॅम डाळी-कडधान्यं (मांसाहारी घरात यातला काही वाटा अंडी-मासे-मटणाचा), 400 ग्रॅम भाज्या आणि तेल-तूप 27 ग्रॅम धरलं आहे. आता आपल्याकडे शंभर ग्रॅम तूरडाळीची आमटी चौघांत जाते. म्हणजे माणशी 25 ग्रॅम. उरलेले साठ ग्रॅम कुठून येणार, हा प्रश्न रोज सकाळी स्वयंपाकाला लागतानाच सोडवायचा असतो.

उपाय अवघड नाहीत. आमटी घट्ट करा, डाळ दीडपट घ्या. आठवड्यातून तीन-चार दिवस डब्यात बटाट्याऐवजी मटकी, चवळी किंवा हरभऱ्याची उसळ द्या. काकडी-गाजराच्या कोशिंबिरीत माणशी दोन चमचे दाण्याचं कूट घाला. वाटीभर दही किंवा एक उकडलेलं अंडं (सहा ग्रॅम प्रथिनं) यांनीही फरक पडतो. हा बदल आठवडाभर नेमाने केला की पाच वाजताची भूक राहते, पण वखवख कमी होते.

आता संध्याकाळच्या डब्यांचं. घरात दोन गोष्टी कायम तयार असाव्यात: फ्रीजमध्ये मोड आलेली मटकी आणि बाहेर बरणीत चिवडा. शिवाय भाजलेले चणे, शेंगदाणे आणि केळी किंवा पेरू. एवढ्यावर निभावतं.

मटकी दोनशे ग्रॅम घ्या. निवडून तीन पाण्यांनी धुवा आणि भरपूर पाण्यात आठ ते दहा तास भिजत घाला. भिजल्यावर पाण्यावर तरंगणारे दाणे काढून टाका. पाणी पूर्ण निथळू द्या. याच पायरीवर घाई होते आणि मटकी बिघडते. निथळलेली मटकी ओल्या करून घट्ट पिळलेल्या सुती फडक्यात सैलसर बांधा आणि चाळणीत झाकून ठेवा, म्हणजे खालून हवा लागते. उन्हाळ्यात दहा-बारा तासांत मोड येतात, थंडीत वीस-चोवीस तास लागतात. थंडीत पुरचुंडी बंद ओव्हनमध्ये ठेवली तर काम लवकर होतं. मोड सेंटिमीटरभर झाले की पुरे; फार लांब वाढले तर उसळ कडवट लागते.

मटकी चिकट झाली आणि आंबूस वास आला तर पाणी राहिलं किंवा फडकं फार घट्ट बांधलं गेलं, असं समजा. ती धुऊन वापरायचा मोह टाळा, टाकून द्या. मोडच आले नाहीत तर दाणा जुना आहे किंवा भिजवायला घेतलेलं पाणी फार गरम होतं. शिजवायच्या आधी टणक राहिलेले दाणे हाताने वेचून काढा, एखादाही दाताखाली आला की मुलं पुढच्या वेळी वाटी सरकवतात. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस राहते.

कच्चे मोड पौष्टिक म्हणून तसेच खाल्ले जातात, पण ओल्या उबेत मोडांबरोबर जंतूही वाढतात. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर माणसांना ते कच्चे देऊ नयेत. कढईत एक चमचा तेलावर मोहरी-जिरं तडतडलं की मटकी घाला, दोन-तीन चमचे पाणी शिंपडा, झाकण ठेवून सात-आठ मिनिटं वाफ आणा. वरून कांदा, कोथिंबीर आणि लिंबू. लिंबू चवीपुरतं नाही; त्यातल्या क जीवनसत्त्वामुळे कडधान्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. चहा मात्र याच्यासोबत नको. त्यातले टॅनिन लोह नीट शोषू देत नाहीत, म्हणून खाणं आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा.

चिवड्यासाठी 250 ग्रॅम पातळ पोहे, 75 ग्रॅम शेंगदाणे, 75 ग्रॅम डाळं, तीन टेबलस्पून तेल, दोन डहाळ्या कढीपत्ता, तीन-चार हिरव्या मिरच्या, हळद, एक सपाट चमचा मीठ. पोहे तळायचे नाहीत. ते चाळून जाड बुडाच्या कढईत दोन-तीन हप्त्यांत अगदी मंद आचेवर कोरडे परता, प्रत्येक हप्ता सहा ते आठ मिनिटं. बोटांत चुरडल्यावर पोहा लगेच मोडला पाहिजे. आच वाढवली की पोहे आकसतात आणि कडांना तांबूस होतात, तरी आतून चिवटच राहतात. मग तेलात शेंगदाणे तळून घ्या, त्यातच मिरच्या आणि धुऊन पूर्ण कोरडा केलेला कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत परता. मिरचीत ओल राहिली तर तिसऱ्या दिवशी सगळा डबा सादळतो. डाळं, हळद, मीठ घालून गॅस बंद करा आणि मगच पोहे मिसळा. पूर्ण गार झाल्याशिवाय बरणीत भरू नका.

या चिवड्याच्या चाळीस ग्रॅमच्या वाटीत शेंगदाण्यातली चरबी धरून सात-आठ ग्रॅम चरबी येते आणि मीठ अर्धा ग्रॅम. तेवढ्याच वजनाच्या वेफर्समध्ये चरबी 13-14 ग्रॅमच्या आसपास असते. वाटी मोजूनच काढा. बरणी समोर ठेवून टीव्ही बघत बसलं तर घरचा चिवडाही दीडशे ग्रॅम सहज जातो.

पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खे शेंगदाणे आणि चणे देऊ नका, घशात अडकतात. त्यांना दाण्याच्या कुटाचा लाडू किंवा चण्याचं सातूपीठ ताकात कालवून द्या.

पुडा विकत घ्यायचाच असेल, आणि तो कधीतरी घेतला जाणारच, तर पुढची बाजू वाचू नका, मागची वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. ‘मल्टीग्रेन’ बिस्किटात पहिला घटक मैदा, दुसरा साखर आणि तिसरा पामतेल असेल, तर ते मैद्याचं बिस्किट आहे. माल्टोडेक्स्ट्रिन, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप ही साखरेचीच किंवा अंगात साखरेसारखंच वागणाऱ्या पदार्थांची नावं. ‘कोलेस्टेरॉल नाही’ हा दावा वनस्पती तेलाच्या पदार्थावर निरर्थक आहे, कारण वनस्पतींच्या तेलात ते नसल्यातच जमा असतं.

दोन हिशेब तोंडपाठ ठेवा. साखरेचे ग्रॅम भागिले चार म्हणजे चहाचे चमचे. कोला पेयांत शंभर मिलिलीटरला साडेदहा ग्रॅमच्या आसपास साखर असते, म्हणजे तीनशे मिलिलीटरच्या बाटलीत आठ चमचे. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला वरून घातलेली साखर 25 ग्रॅमच्या आत ठेवायला सुचवते. ही मर्यादा एका बाटलीतच ओलांडली जाते. दुसरा हिशेब मिठाचा: सोडियमचे मिलिग्रॅम गुणिले अडीच भागिले हजार म्हणजे मिठाचे ग्रॅम. पुड्यावर 900 मिलिग्रॅम सोडियम असेल तर ते सव्वादोन ग्रॅम मीठ झालं, आणि दिवसभराची मर्यादा पाच ग्रॅमची आहे. आकडे शंभर ग्रॅमचे आहेत की एका सर्व्हिंगचे (कंपनीने धरलेल्या एका वेळच्या वाट्याचे), हे आधी बघा. कित्येकदा सर्व्हिंग वीस ग्रॅमचं लिहितात आणि पुडा असतो पंचावन्न ग्रॅमचा.

गुळाबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. गुळाचा चहा, गुळाची बिस्किटं म्हणून हात सैल सुटतो. गुळातही जवळपास सगळी साखरच असते, लोह वगैरे असलं तरी चमचाभर गुळातून मिळणारं फार थोडं. मधुमेहींनी तो साखरेसारखाच मोजावा.

मुलांच्या बाबतीत बंदी घालून भागत नाही, बंदीने त्या पदार्थाचा भाव वाढतो. अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार चरबी, मीठ, साखर जास्त असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या आवारापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. आपल्या शाळेच्या कॅन्टीनमध्ये काय विकलं जातं, हे पालकसभेत जरूर विचारा. घरात वेफर्स बक्षीस म्हणून देणं आधी थांबवा. ‘भाजी संपवलीस तर चॉकलेट’ या सौद्यात भाजी शिक्षा ठरते. त्याऐवजी बाहेरच्या खाण्याचा एक वार ठरवा, समजा शनिवार. त्या दिवशी वडापाव गरम, समोर तळलेला, गर्दीच्या गाडीवर खा. जिथे तेल काळपट झालंय किंवा कढईतून धूर निघतोय, तिथून उठा. बाकीचे दिवस पुडे घरात आणूच नका. किराण्याची यादी जेवण झाल्यावर करा आणि दुकानातही भरल्या पोटी जा.