काल्पनिक हॉकी लीग सुरू करायच्या आधी काय काय तयार ठेवायचं (आणि लोगो शेवटी का)

काल्पनिक लीग म्हणजे गावं, टीम, खेळाडू सगळं आपणच मनाने बनवायचं आणि मॅच घरी फासे टाकून वहीत खेळवायच्या. आधी कबुली देऊन टाकतो. माझ्या पहिल्या लीगमधे १६ टीम होत्या, सोळाच्या सोळा लोगो तयार, होम जर्सी अवे जर्सी सगळं तयार, दोन टीमना तर वर्धापनदिनाची स्पेशल जर्सी पण काढलेली, आणि प्रत्यक्षात खेळवलेल्या मॅच किती, तर ९. तीन महिने निळ्याच्या छटा निवडण्यात गेले आणि मग वहीच उघडावीशी वाटेना. त्यामुळे खाली जे लिहितोय ते त्याच क्रमाने करा. आणि हो, हे सगळं आइस हॉकीबद्दल आहे, मैदानी हॉकीची लीग करायची असेल तर नाव-रंगांचा भाग चालेल पण गोलचं गणित वेगळं बसवावं लागेल.

पहिलं म्हणजे नकाशा. अर्ध्या पानाचा चालतो, चित्रकला येत नसली तरी चालतं. नदी कुठून जाते, डोंगर कुठे आडवा येतो, मोठा रस्ता कुठला, आणि मग त्यावर गावं टाका आणि गावागावातलं अंतर तासांत लिहा, किलोमीटरमधे नको, कारण बसने किती वेळ लागतो यावरच पुढे सगळं ठरतं. दोन गावं अर्ध्या तासावर असली की डर्बी, म्हणजे शेजाऱ्यांची चुरशीची मॅच, आपोआप तयार होते, तुम्हाला 'यांचं जुनं वैर आहे' असं वेगळं लिहावं लागत नाही. आणि एक गाव मुद्दाम सगळ्यांपासून लांब टाका, सात-आठ तास. तिकडे जाणारी प्रत्येक टीम एकाच फेरीत सलग दोन मॅच खेळून येते आणि त्या टीमला स्वतःला कायम लांबचे दौरे. निम्मी ओळख तर इथेच झाली बघा, अजून नावसुद्धा ठेवलेलं नाही.

प्रादेशिक लीग खरी कशी चालायची हे बघायचं असेल तर पॅसिफिक कोस्ट हॉकी असोसिएशन या कॅनडा-अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या जुन्या लीगचा इतिहास वाचा, याच्याइतका उपयोगी नमुना मला दुसरा मिळाला नाही. लेस्टर आणि फ्रँक पॅट्रिक या भावांनी वडिलांच्या लाकूड धंद्यातल्या पैशांवर १९११ मधे ती उभी केली, व्हँकुव्हर आणि व्हिक्टोरियाला कृत्रिम बर्फाची रिंक बांधली, आणि सुरुवातीला टीम होत्या फक्त ३. तीन! मग १९१४ ला न्यू वेस्टमिन्स्टरची टीम उठून पोर्टलंडला गेली, १९१५ ला सिॲटल आलं, १९१६ ला व्हिक्टोरियाचं रिंक सैन्याने ताब्यात घेतलं म्हणून ती टीम स्पोकेनला गेली आणि तिथे एका सीझनमधे गुंडाळली. त्याच धावपळीत १९१७ ला सिॲटलने स्टॅन्ली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मानाचा कप, जिंकला, अमेरिकेतली कप जिंकणारी पहिली टीम. हे जर कोणी काल्पनिक लीगमधे लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं की जरा जास्तच झालं.

तर टीम किती घ्यायच्या? ६ घ्या. सहा टीम, प्रत्येकीने दुसरीशी ४ वेळा खेळायचं, २ घरी २ बाहेर, म्हणजे प्रत्येकीच्या २० मॅच आणि लीगच्या एकूण ६०. हे एका माणसाला झेपतं. आठ घेतल्या आणि तसंच चार वेळा खेळवलं तर एकूण ११२ होतात, लगेच दुप्पटच्या आसपास, आणि तिथेच लोक सोडून देतात. शिवाय थोड्या टीम असल्या की तीच तोंडं पुन्हा पुन्हा समोर येतात आणि राग साठतो. एनएचएलमधे, म्हणजे अमेरिका-कॅनडाच्या मुख्य हॉकी लीगमधे, १९४२ ते १९६७ सहाच टीम होत्या आणि ७० मॅचच्या सीझनमधे प्रत्येकीशी १४ वेळा खेळायचे, तेव्हाची वैरं आजही लोक सांगतात ते उगीच नाही.

आता नावं. इथे सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी अडकते, सगळ्या टीम हिंस्र प्राणी. लांडगे, अस्वलं, वाघ, गरुड, परत लांडगे. माझ्या त्या १६ मधे ११ प्राणी होते. आता मी स्वतःला नियम घातलाय, सहात जास्तीत जास्त दोन प्राणी, बाकीची नावं गावाच्या पोटापाण्यातून, हवामानातून, किंवा एखाद्या जुन्या गोष्टीतून. एडमंटन ऑइलर्स म्हणजे तेल, डेट्रॉइटच्या लोगोत पंख लावलेलं चाक कारण ते मोटारींचं शहर, टँपा बेचं नाव लाइटनिंग कारण तिकडे विजा फार, न्यू जर्सी डेव्हिल्स हे तिथल्या एका भुताच्या दंतकथेवरून. प्रत्येक नावापुढे 'का' असा एक रकाना ठेवा आणि त्यात एक ओळ लिहिता आली नाही तर नाव बदला. एक नाव असंही असू द्या जे आता गावाला लागूच होत नाही. कॅल्गरी फ्लेम्सचं नाव बघा, टीम मूळची अटलांटाची, नाव १८६४ मधे अटलांटा जळालं त्यावरून, १९८० ला टीम कॅल्गरीला हलली आणि ज्वाळा बरोबर घेऊन गेली, लोगोतल्या 'ए'चा फक्त 'सी' झाला. असलं एखादं न जुळणारं नाव यादीत असलं की लीग जुनी वाटते. बाकी नाव जोरात ओरडून बघा, तीनदा, खोलीचं दार लावून. तोंडात बसत नसेल तर स्टँडमधे कोण ओरडणार.

रंगांसाठी फार वेळ देऊ नका, मी दिलाय त्यामुळे सांगतो. सहा टीमचे सहा मुख्य रंग आधी एका ओळीत रंगवा, मग त्याचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. दोन चौकोन सारखेच राखाडी दिसले तर त्या दोन टीमची मॅच कागदावर बघतानासुद्धा डोळे दुखणार. लाल विरुद्ध हिरवा टाळाच, लाल-हिरवा फरक न कळणारे पुरुष वाटतात त्यापेक्षा बरेच असतात. घरच्या टीमने गडद घालायचा का पांढरा हे एकदाच ठरवा, एनएचएलमधे २००३ पासून घरी गडद आहे, त्याआधी बरीच वर्षं घरी पांढरा होता. आणि एक मस्त कल्पना पिट्सबर्गकडून चोरा. पेंग्विन्स आधी निळ्यात खेळायचे, १९८० च्या जानेवारीत सीझन चालू असताना काळ्या-सोनेरीवर गेले कारण शहराच्या फुटबॉल आणि बेसबॉल टीमचे तेच रंग होते. म्हणजे तुमच्याही एखाद्या गावाचा असा रंग असू दे जो टीमच्या आधीपासून गावाचा आहे.

लोगो? थांबा.

खेळाडूंची पूर्ण यादी करू नका. मॅचला २० जण ड्रेस होतात, १८ स्केटर आणि २ गोली (गोलकीपर), सहा टीमचे झाले १२०, आणि १२० नावं शोधून काढायला बसलात की पुन्हा माझ्या पहिल्या लीगसारखं होणार. प्रत्येक टीमचे चार जण पुरे, एक गोली, एक डिफेन्समन, दोन फॉरवर्ड. बाकीचे मॅचमधून पुढे येतील, कोणीतरी ओव्हरटाइमला (जादा वेळेत) गोल मारला की त्याला तेव्हा नाव द्या, तोपर्यंत तो नुसता '१७ नंबर' असू दे. खरं सांगतो, असे उशिरा नाव मिळालेलेच पुढे जास्त आवडायला लागतात.

नियम मात्र पहिल्या मॅचच्या आधी लिहून, खाली तारीख टाकून, बंद. पॉइंट कसे द्यायचे? एनएचएलसारखे द्यायचे तर जिंकलं २, ओव्हरटाइम किंवा शूटआउटला (बरोबरी सुटेना म्हणून एकेकाने गोलीसमोर मारायचे फटके) हरलं तरी १, यात टेबल शेवटपर्यंत दाटीवाटीचं राहतं पण काही मॅचमधून एकूण २ पॉइंट निघतात आणि काहींमधून ३, मला ते खटकतं. आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधलं ३-२-१-० मला जास्त न्याय्य वाटतं, साध्या वेळेत जिंकलं ३, जादा वेळेत जिंकलं २, जादा वेळेत हरलं १. काहीही घ्या. पण टेबलात दोन टीमचे पॉइंट सारखे झाले तर काय बघायचं, आधी साध्या वेळेतले विजय का आधी आपापसातल्या मॅच का गोलफरक, ते आत्ताच लिहा. सीझनच्या शेवटी लिहायला गेलात तर नकळत लाडक्या टीमच्या बाजूने लिहाल. मी लिहिलंय.

मग फासे. हा भाग मला सगळ्यात आवडतो त्यामुळे जरा लांबेल. हॉकीत २० मिनिटांचे तीन पीरियड, आणि आजकाल एका टीमचे मॅचला साधारण ३ गोल होतात, म्हणजे पीरियडला सरासरी १ यायला हवा. सोपा उपाय म्हणजे प्रत्येक टीमसाठी प्रत्येक पीरियडला एक फासा, १-२ आलं तर शून्य, ३-४ ला एक गोल, ५-६ ला दोन. सरासरी बरोबर येते पण दोन सीझन खेळवल्यावर कळलं की स्कोअर फार सभ्य येतात, ६ च्या वर कोणी जातच नाही, दाणादाण उडालेली मॅच दिसतच नाही. म्हणून आता मी १-२ ला शून्य, ३-४-५ ला एक, आणि ६ ला थेट तीन गोल धरतो. सरासरी तीच, पीरियडला १, पण पसारा वाढतो, अधूनमधून ७-१ सारखं काहीतरी होतं आणि मग त्या गोलीचं काय झालं असेल हा विचार सुरू होतो. (पीरियडमधे बरोबर दोन गोल कधीच होत नाहीत हे विचित्र आहे, मान्य, तीन पीरियडच्या बेरजेत ते लपतं.) घरच्या टीमला आधीच ठरवलेल्या एका पीरियडमधे शून्य आलं तर परत टाकायची एक संधी द्या, त्याने तिची सरासरी ३ वरून साधारण ३.३३ होते, तेवढा फायदा पुरे. तगड्या टीमला अशी अजून एक संधी. यापेक्षा जास्त दिलंत तर निकाल आधीच कळायला लागतो.

संकटांच्या चिठ्ठ्या पण करून ठेवा, दहाएक, डब्यात घालून, सीझनच्या मधे एक उचलायची. खऱ्या हॉकीत काय काय झालंय ते बघून लिहा. १९१८ च्या २ जानेवारीला माँट्रियलचं रिंक जळालं आणि वाँडरर्स ही टीम एनएचएलच्या पहिल्याच सीझनमधून बाहेर पडली. १९१९ ची स्टॅन्ली कप फायनल फ्लूच्या साथीमुळे अर्ध्यावर सोडली, त्या वर्षी विजेताच नाही. १९२५ ला हॅमिल्टनची टीम टेबलात पहिली आली आणि खेळाडूंनी प्रत्येकी २०० डॉलर मागत प्लेऑफ खेळायला नकार दिला, लीगने त्यांना निलंबित केलं, आणि पुढच्या सीझनला ते न्यूयॉर्कच्या नव्या टीमच्या जर्सीत. २०२०-२१ ला सीमा बंद म्हणून कॅनडाच्या सातही टीम एकाच डिव्हिजनमधे टाकून आपापसात खेळवल्या. चिठ्ठ्यांमधे दोन चांगल्या बातम्या पण ठेवा, नाहीतर डबा उघडायलाच भीती वाटते.

शेड्यूलसाठी एक टीम जागेवर ठेवून बाकी पाच तिच्याभोवती एकेक घर फिरवा, पाच फेऱ्यांत सगळे सगळ्यांशी खेळून होतात, मग घर-बाहेर उलटं करून परत तेच, आणि या दहाही फेऱ्या अजून एकदा, म्हणजे चार वेळा झालं. लांबच्या गावाच्या मॅच मात्र हाताने जोडून घ्या, सलग दोन. नोंदींसाठी कुठलीही शीट चालेल, फक्त दर आठवड्याचं टेबल वेगळं जपून ठेवा, पुसून वर लिहू नका. डिसेंबरमधे कोण तळाला होतं हे मार्चमधे हवं असतं.

आणि आता लोगो आधी का नको ते. दुसऱ्या लीगमधे मी एक खाणींच्या गावाची टीम केली होती, वर्णन लिहून ठेवलेलं की दणकट डिफेन्स, गोल खातच नाहीत, ब्रीदवाक्य 'भिंत'. फासे पडले आणि ही भिंत सलग ११ मॅच हरली. मला फार मोह झाला परत टाकायचा. नाही टाकला, आणि बाराव्या मॅचला ती डर्बी ७-५ अशी जिंकली तेव्हा मी खोलीत एकटाच ओरडलो. त्यानंतर त्या टीमचं वर्णन खोडून नवीन लिहिलं, गोल खाणारी, गोल मारणारी, हरली तरी स्टँड भरलेला. लोगो तेव्हा काढला, भिंतीला भगदाड आणि त्यातून बाहेर येणारा दिवा. पहिल्या दिवशी हा सुचलाच नसता. म्हणून मी आता प्रत्येक टीमला पहिल्या सीझनभर नुसतं एक अक्षर आणि दोन रंग देतो, लोगोची जागा वहीत कोरी. काढाल तेव्हा नखाएवढा करून बघा, ओळखू आला पाहिजे. हार्टफर्ड व्हेलर्सचा लोगो आठवा, खाली 'डब्ल्यू', वर व्हेलची शेपटी, आणि मधल्या रिकाम्या जागेत 'एच'. टीम १९९७ ला तिथून गेली तरी लोक तो अजून घालून फिरतात.

तर टेबलावर काय काय हवं, नकाशा, सहा नावं आणि त्यांचे 'का', तारीख टाकलेले नियम, चिठ्ठ्यांचा डबा, शेड्यूल, दोन रंगांचे दोन फासे, पेन्सिल. खोडरबर दुसऱ्या खोलीत ठेवा. पहिली मॅच लांबच्या गावात लावा, पाहुणी टीम आठ तास बसमधे बसून आलीय, रात्रीचे सात वाजलेत, फासा टाका.