टीव्ही घ्यायला निघालात? टेप सोबत ठेवा अन् ट्रॅक्टरचं चाक बघा

आमच्या घरी आप्पांचा 29 इंची डब्बा टीव्ही होता, तो बिघडल्यावर दिवाळीला सोयाबीनचे पैसे आले तसा मी लातूरहून 32 इंची एलईडी आणला अन् पहिल्याच रात्री आप्पा म्हणले, "चित्र बारकं झालंय रे." मला वाटलं सवयीचं असंल, पण टेप लावून बघितलं तर आप्पाच खरे निघाले. इंच मोजतात ते तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, अन् जुना पडदा होता 4:3 चा, म्हणजे रुंदी चार भाग तर उंची तीन, त्यात 29 इंचीला जवळपास साडेसतरा इंच उंची भरते. नवीन 16:9 चा, त्यात 32 इंचीला उंची पावणेसोळा. डब्ब्याच्या काचेची कड झाकलेली असायची ती सोडली तरी जुनाच उंच. अन् बातम्या, कीर्तन, मालिका बघताना माणसाचं तोंड केवढं दिसतं ते उंचीवर असतं.

म्हणून माझा पहिला नियम हाच, इंच विचारू नका, उंची विचारा. 16:9 मधी इंचाच्या निम्म्याला थोडी कमी धरा, 43 ला 21 इंच, 55 ला 27. घरात जुना 21 इंची असंल तर 32 घ्या, 29 असंल तर सरळ 43 वर जा.

आता हा 16:9 आला कुठून. टीव्ही आला तेव्हा तो जुन्या सिनेमाच्या चौकोनी मापावर बेतलेला होता, मग 1950 च्या दशकात घरी बसलेला प्रेक्षक परत थेटरात आणायला सिनेमावाल्यांनी पडदा रुंद केला, 1953 ला सिनेमास्कोप, म्हणजे लई रुंद पडद्याचं पिक्चर, आलं. पुढं 1980 च्या दशकात सगळी मापं एकावर एक ठेवून बघितली अन् सगळ्यांना मधला पडंल असा आकार निवडला, तो 16:9. मधला आहे म्हणून कुठल्याच टोकाला पूर्ण बसत नाही. सिनेमास्कोप पिक्चर लावलं की वर-खाली मिळून पडद्याचा चौथा भाग काळा जातो, 43 इंचीवर असं पिक्चर पावणेसोळा इंचच उंच दिसतं, म्हणजे 32 इंचीच्या पूर्ण पडद्याएवढं. अन् 1987 चं रामायण लावलं की डाव्या-उजव्या बाजूला मिळून चौथा भाग काळा.

ह्या काळ्या पट्ट्या लई जणांना खुपतात, पैसे दिले पूर्ण पडद्याचे अन् चित्र अर्धंमुर्धं असं वाटतं, मग रिमोट घेऊन ताणून भरतात. माझी हात जोडून विनंती आहे की ताणू नका. 4:3 चं चित्र ताणलं की प्रत्येक माणूस तेहतीस टक्क्यांनी जाड होतो, ज्या कलाकाराला आपण लहानपणापासून बघायलोय त्याचं तोंड भोपळ्यासारखं होतं अन् महिनाभरात डोळ्याला तेच खरं वाटायला लागतं. झूम केलं तर आणखी वाईट, डोकी कापली जातात.

तपासायची सोपी रीत सांगतो. शेतीचा कार्यक्रम किंवा जाहिरात लागली अन् ट्रॅक्टर बरोबर आडवा, बाजूनं दिसला की त्याचं मागचं मोठं चाक बघा. चाक गोल दिसलं तर सेटिंग बरोबर, अंड्यासारखं आडवं पसरलं तर कुठंतरी ताण बसलाय. मग आधी सेटटॉप बॉक्सच्या मेनूत जाऊन आकार 16:9 करा अन् जुन्या कार्यक्रमाला बाजूच्या पट्ट्या राहू देईल असा पर्याय निवडा, मग टीव्हीच्या पिक्चर साइजमधी 16:9 किंवा ओरिजिनल. दोन्ही जागी बघावं लागतं, एकट्या टीव्हीचंच बदलून लोक म्हणतात फरक पडंना. चॅनलवालाच ताणून पाठवायलाय असं कधी कधी असतं, तिथं आपला इलाज नाही. अन् हळदीचे, जत्रेचे व्हिडिओ टीव्हीवर बघायचे असतील तर फोन आडवा धरून काढा, उभ्या व्हिडिओला पडद्याचा तिसरा भागसुद्धा मिळत नाही.

दुकानात जाताना पेन ड्राइव्हमधी घरचा एखादा व्हिडिओ न्या. दुकानात 4के चा चकाचक डेमो चालू असतो, मोर अन् फुलं, अन् पिक्चर मोड व्हिव्हिड, म्हणजे भडक रंगाचा, केलेला असतो, त्यात सगळेच टीव्ही भारी दिसतात. घरी तुम्ही फ्री डिश बघणार असाल तर तेच लावून दाखवा म्हणा. साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या, चॅनलचं चित्र 720 बाय 576 ठिपक्यांचं असतं अन् 4के पडद्यावर 3840 बाय 2160 ठिपके, एवढ्या थोड्या ठिपक्यांना ताणून 55 इंच भरले की चित्र धूसर दिसतं. आठ-नऊ फुटावरून सगळं वेबसिरीज अन् एचडी क्रिकेट असंल तर 55 खुशाल घ्या, पण दिवसभर साधे चॅनल असतील तर मी 43 च्या वर जाणार नाही.

मग टीव्हीच्या कडेला जाऊन उभे राहा. आमच्याकडं बैठकीत सगळे समोर बसतात असं कुठं असतं, आज्जी दिवाणावर कोपऱ्यात, लेकरं खाली सतरंजीवर, वहिनी स्वयंपाकघराच्या दारातून बघायल्यात. एलईडीमधी पॅनल मुख्यतः दोन जातीचं येतं, व्हीए अन् आयपीएस. व्हीएचा काळा रंग गडद, पण बाजूनं बघितलं की रंग उडतात. आयपीएसचा काळा जरा राखाडी, पण कोपऱ्यातून नीट दिसतं. भरल्या घरासाठी मी आयपीएसच घेतो.

वाकडा, म्हणजे कर्व्ह्ड टीव्ही, कुणी जुना विकायलंय म्हणून स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, तो मधोमध बसणाऱ्या एकट्यासाठी असतो अन् दाराचा उजेड त्यावर लांबच लांब पसरतो. ओएलईडीचं चित्र मला मनापासून आवडतं, त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो नि स्वतःच विझतो, म्हणून काळा तो खरंच काळा. पण दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल चालू राहत असंल तर खालची पट्टी अन् लोगो पडद्यावर कायमचा उमटायची भीती असते. अन् क्यूएलईडी नावानं तसाच वाटला तरी तो मागून दिवे लावलेला एलसीडीच आहे, म्हणजे आपल्या साध्या एलईडीच्याच जातीचा, दुकानदार दोन्ही एकच म्हणला तर ऐकू नका.

घरी आणल्यावर पहिलं काम, पिक्चर मोड मूव्ही किंवा सिनेमा करा. दोन दिवस पिवळट वाटंल, मग व्हिव्हिडकडं बघवत नाही. बॅकलाइट रात्री कमी ठेवा, पूर्ण ठेवला की आतले दिवे तापतात. मोशनचं सेटिंग पिक्चर बघताना बंद, नाहीतर सेकंदाला 24 फ्रेमच्या सिनेमात टीव्ही स्वतःच्या मनानं मधल्या फ्रेम घुसडतो अन् चांगलं पिक्चर मालिकेसारखं गुळगुळीत दिसतं. क्रिकेटला चालतंय.

भिंतीवर लावताना फिटिंगवाला सवयीनं दाराच्या चौकटीएवढ्या उंचीवर भोकं पाडायला निघतो, त्याला थांबवा. आधी सगळ्यांना रोजच्या जागी बसवा, खाली बसणाऱ्याचे डोळे अडीच फुटावर असतात, दिवाणावरच्याचे साडेतीनच्या आसपास, पडद्याचा मध्य ह्या दोन्हीच्या मधी धरा. पत्र्याचं घर असंल तर पत्र्याजवळ लावूच नका, टीव्हीच्या पुस्तिकेत साधारण 40 डिग्रीपर्यंतच चालवा असं असतं अन् परभणी-नांदेडकडं मे महिन्यात बाहेरच 43-44 होतं. अन् मिरगाच्या आधी वळवाचं आभाळ कडाडायला लागलं की नुसतं बटन बंद करून भागत नाही, प्लग उपसा अन् डिशची वायर बॉक्समधून काढून बाजूला ठेवा, आमचा पहिला एलईडी त्या वायरीतूनच गेला.