ओट्याची उंची पोळपाट ठेवून ठरवा

स्वयंपाकघराचं थ्रीडी चित्र बघून सगळेच ‘छान आहे’ म्हणतात. काम झाल्यावर पोळ्या लाटताना पाठ भरून येते, तेव्हा मात्र चित्र बदलून उपयोग नसतो. म्हणून डिझायनरला घरी बोलवा, आणि रोज स्वयंपाक करणारी व्यक्ती त्या वेळी घरात हवीच. जेवणाच्या टेबलावर जाड पुस्तकं रचा, वर पोळपाट ठेवा नि खरंच दोन पोळ्या लाटा. खांदे न उचलता, कमरेत न वाकता हात चालला, की पोळपाटाच्या बुडापासून जमिनीपर्यंत टेप लावा. ओटा सहसा 32 ते 34 इंच करतात, पण उंच माणसाला तो कमी पडतो. आलेला आकडा नकाशावर लिहून दोघांनी सही करा. त्यात ग्रॅनाइटची जाडी धरली आहे ना, एवढं विचाराच.