कॉकाटीलचं पिल्लू घरी येण्याआधी

कॉकाटील म्हणजे डोक्यावर तुरा असलेला छोटा परदेशी पोपट. त्याचं पिल्लू विकणारा म्हणेल, "हाताने भरवलंत तरच माणसाळेल, आत्ताच न्या." त्याला आधी नाही म्हणून बघा. आपले आपण दाणे टिपणारं, दहा आठवड्यांचं कॉकाटीलही चांगलं माणसाळतं. (हिरव्या राघूचं पिल्लू तर घेऊच नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. झाडाखाली पडलेलं सापडलं तर महाराष्ट्रात वनविभागाला 1926 वर फोन करा.)

तरीही अर्धवट पिसांचं पिल्लू पदरात येणारच असेल, तर आदल्या दिवशी सगळं मांडून ठेवा. पहिला वजनकाटा, एकेक ग्रॅम दाखवणारा. रोज सकाळी भरवण्याआधी वजन करायचं नि वहीत टिपायचं. एका वेळचं खाणं वजनाच्या साधारण दहाव्या हिश्श्याएवढं, म्हणजे 60 ग्रॅमच्या पिल्लाला 6 मिली. उडायच्या सुमारास वजन थोडं उतरतं, त्याआधी उतरू नये.

दुसरा थर्मामीटर, आणि इथे काटकसर नको. मनगटावर थेंब टाकून बघायची आपली सवय बाळाच्या दुधाला ठीक, इथे ती दगा देते. खाणं 39 ते 41 अंश सेल्सिअसमध्ये हवं. त्याहून गरम झालं तर गळ्याखालची पिशवी आतून भाजते, आणि ते कळतं काही दिवसांनी, कातडीला भोक पडल्यावर. गार झालं तर पिशवीतलं पुढे सरकत नाही, आंबतं. म्हणून मायक्रोवेव्ह नको, त्यात मध्येच चटके देणारे गोळे राहतात. वाटी गरम पाण्यात ठेवा, ढवळा, मग मोजा. पक्ष्यांसाठीची तयार पावडर उकळून कोमट केलेल्या पाण्यात दर वेळी ताजी कालवायची, उरलेली फेकायची. गाईचं दूध पिल्लाला पचत नाही. घरातल्या आजीला हे आधीच सांगून ठेवा.

सुई नसलेल्या 5 आणि 10 मिलीच्या सिरिंज चार-पाच आणा. रबरी दट्ट्या जुना झाला की अडकतो आणि एकदम सुटतो. तेवढा एक झटका पिल्लाच्या श्वासनळीत खाणं जायला पुरे. सिरिंज चोचीत पिल्लाच्या डाव्या बाजूने घाला, टोक त्याच्या उजवीकडे. पिल्लू मान हलवून मागत असेल तेव्हाच दाबा, थांबलं की तुम्हीही थांबा. भरवण्याआधी पिशवी बोटाने चाचपा. रात्रीचं सकाळीही तसंच असेल तर वर नवं भरू नका, डॉक्टरांना फोन करा.

टॉवेल अंथरलेला खोका, त्याच्या एकाच बाजूला ऊब, म्हणजे पिल्लाला सरकता येईल. वीज जाते तिथे गरम पाण्याची पिशवीही जवळ असू द्या.

डॉक्टर मात्र आजच शोधा. कुत्र्या-मांजरांचे दवाखाने गल्लोगल्ली आहेत, पण पक्षी तपासता का आणि रविवारी भेटाल का, हे फोन करून विचारूनच नंबर वहीच्या पहिल्या पानावर लिहा.